लांब्याची हरकत

हौदाचा कठडा काढायला चुन्याच्या भट्टीच्या मालकाने, दादानेच सांगितलं होतं. भट्टीवरच्या सगळ्यांना ते माहीत होतं, आणि भट्टीवरचं कोणीच ते बोलत नव्हतं.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. पावसाआधी चुना पोचता करायचा म्हणून दोन्ही भट्ट्या एकदम पेटवल्या होत्या. भट्टीतून निघालेला कळीचा चुना घमेल्याने हौदात टाकायचा आणि वरून पाणी सोडायचं. मग हौद उकळायला लागतो. ढेकळं फुटतात, वाफ नाकातोंडात जाते, आणि फावड्याने ढवळणाऱ्याला मान वळवून उभं राहावं लागतं. हौदाला कमरेइतका लोखंडी कठडा होता. त्यावरून घमेलं उचलून टाकताना खांदे भरून यायचे, काम रेंगाळायचं. दादा म्हणाला, आठ दिवसांपुरता काढून ठेवा. पाचव्या दिवशी लांब्याचा पाय घसरला. तो आत गेला नाही, कडेवरच तोंडघशी पडला, म्हणून जीव वाचला. डोळे वाचले नाहीत.

लांब्या चाळणीवरचा माणूस. विझवलेला चुना वाळला की चाळायचं काम त्याचं, पण त्या घाईत त्यालाही हौदावर लावलं होतं. भट्टीवर सगळ्यांत उंच, म्हणून लांब्या. लिहिता-वाचता येणारे तिथे दोघं-तिघंच, त्यातला तो एक. दर रविवारी टेकडीखालच्या प्रार्थनाघरात सगळ्यांपुढे उभं राहून पवित्र शास्त्र वाचायचा मान त्याचा होता. दुसरं मिरवण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं.

चौकशीला ठाण्यातला अंमलदार घरी आला. दादाच्या बायकोने चहा केला. भट्टीवरची माणसं तिला वहिनी म्हणत, धाकटा दीरही वहिनीच म्हणे. ट्रे घेऊन ती दारात आली तेव्हा दीर सांगत होता की कठडा कामगारांनीच आपल्या सोयीने काढला, आणि पाना फिरवणारा लांब्याच होता. अंमलदाराने दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, हो. वहिनीने कप मांडले आणि आत गेली. भट्टीवरच्या चौघांनी त्या जबाबाखाली सह्या-अंगठे केले. त्यांना उद्या कामावर यायचं होतं.

पंधरवड्याने लांब्या दवाखान्यातून घरी आला. दादा भेटायला निघाला, सोबत वहिनीला घेतलं. बाई बरोबर असली की माणूस आवाज चढवत नाही, असा त्याचा हिशेब. पत्र्याची एकच खोली. लांब्या बाजेवर बसलेला, डोळ्यांवर पट्टी, कपाळाची कातडी सोलून गुलाबी झालेली. दादाने पाकीट पुढे केलं. लांब्याने हात मांडीवरून हलवला नाही. पैसे नकोत म्हणाला. त्याची बायको मात्र मागून आली, पाकीट उचललं आणि फळीवरच्या डब्यात ठेवलं. घर तिला चालवायचं होतं.

"तुम्ही माझं वाचणं घालवलंत," लांब्या म्हणाला. "तर आता तुम्ही वाचा. रोज दुपारी तासभर यायचं. माणूस पाठवायचा नाही, स्वतः यायचं."

धाकट्याला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, जा चार दिवस, कंटाळेल आपोआप, तोवर प्रकरणही थंड होईल. दादा गेला तो एवढ्याच विचाराने.

लांब्या कंटाळला नाही. डोक्यावर ऊन असताना, बाकीची माणसं सावलीत डबे सोडून बसलेली असताना, दादा मोटारसायकल काढून टेकडीखाली जायचा. शाळा सहावीत सुटलेली. गेली पंचवीस वर्षं त्याने वाचलं ते गाड्यांचे नंबर आणि पावत्या. तो अडखळायचा, आणि लांब्याला नेमकं तेच हवं असायचं.

एकदा वहिनी डोळ्यात घालायचं औषध पोचवायला गेली होती, ती दाराशीच थांबली. आत दादा बोट ठेवून वाचत होता. मानेवरून घाम ओघळत होता. त्या खोलीत पंखा नव्हता.

"पुन्हा," लांब्या म्हणाला. "देवाचं वचन आहे ते, वजनकाट्याची चिठ्ठी नाही. वरून घ्या."

दादाने वरून घेतलं. भट्टीवर ज्याच्यापुढे कोणी मान वर करत नसे त्या माणसाला असं पोरासारखं बोलणी खाताना पाहून वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. औषध उंबऱ्यावर ठेवून ती तशीच परत फिरली.

पाऊस आला, भट्ट्या विझल्या. वाचन चालूच राहिलं. घरात दादा बोलायचा कमी झाला होता. जेवताना मध्येच थांबायचा. पण सगळ्यांत जास्त राग वहिनीला त्याच्या झोपेचा आला. इतकी वर्षं पहाटे चारला उठून अंगणात येरझाऱ्या घालणारा माणूस आता सकाळी हलवून जागा करावा लागे. उठला की तोंडावर समाधान. पत्र्याच्या खोलीतला तो माणूस आंधळा होऊन पडला आहे, खोट्या कागदावर आपलं घर उभं आहे, आणि हा गाढ झोपतो. तिला स्वतःला अंमलदार येऊन गेल्यापासून धड झोप नव्हती.

मग ते श्रीमंत तरुणाचं पान आलं. आहे ते सगळं विकून गरिबांना वाट आणि माझ्यामागे ये, असं येशू त्याला सांगतो, आणि तो खाली मान घालून निघून जातो. लांब्याने ते पान टोमणा म्हणून काढायला लावलं. झोंबावं म्हणून तीन दुपारी तेच पुन्हा वाचायला लावलं. चौथ्या दुपारी दादाने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, मला हे करायचं आहे.

लांब्या खवळला. त्याच्या बायकोने हे नंतर वहिनीला सांगितलं. हातातलं पाण्याचं भांडं त्याने भिंतीवर मारलं. म्हणाला, मी तुम्हाला शिक्षा म्हणून बोलावलं होतं, शिकायला नाही. डोळे घेतलेत, आता माझा देवही घ्यायला निघालात.

दादाने घरी सांगितलं ते सकाळी, चहा पिताना. भट्टीतला त्याचा अर्धा हिस्सा तिथे राबणाऱ्या बावीस माणसांच्या नावे करायचा. घर, मागची बाग आणि मोटार वहिनीच्या नावे. तो स्वतः भट्टीवरच्या खोलीत राहणार आणि चाळणीवर काम करणार. प्रार्थनाघरात पाळकाशी बोलणं झालं होतं, बाप्तिस्मा घ्यायचा होता.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं."

त्याने कप खाली ठेवला. ती म्हणाली की लग्न होऊन आले तेव्हा एकच भट्टी होती आणि मी तिच्यावर दगड फोडलेत. माझ्या बोटांची नखं अजून सरळ वाढत नाहीत. ती भट्टी तुमची एकट्याची कधी झाली? आणि वाटायचीच होती तर माझ्या हाताने वाटायची. तुम्ही पुण्य मिळवणार, आणि मी काय, या रिकाम्या घराची राखण करणार?

"पंचवीस वर्षं भट्टी पेटती ठेवली," तो म्हणाला. "कशासाठी, हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. त्या पुस्तकाने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही."

"मी विचारत होते," वहिनी म्हणाली. "रोज विचारत होते. माझं तुम्हाला ऐकू आलं नाही."

दोन कपड्यांची पिशवी घेऊन तो चालत गेला. मोटारसायकल दारात तशीच ठेवून गेला, आणि वहिनीला ती येता-जाता आडवी यायला लागली.

पुढचे दिवस वाईट गेले. अर्धी भट्टी धाकट्याची होती, त्याने मधून काटेरी तार ओढली. रस्ता त्याच्या बाजूला, विहीर त्याच्या बाजूला. बावीस जणांनी चुना करायचा तर पाणी डोक्यावरून आणायचं. ती माणसं दादाला दुवा देत असतील असं कोणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. आंधळ्याचं प्रकरण आपल्या गळ्यात मारायला मालकाने हा डाव टाकलाय, असं त्यांचं मत. उद्या कोर्टाने विचारलं तर भट्टी कोणाची, आपली. दादा चाळणीवर उभा राहिला की शेजारचे दोघं उठून लांब जाऊन बसत. दुकानात, पारावर, सगळीकडे एकच विनोद चालला होता. आयुष्यभर लोकांना चुना लावला, आता देवाला लावायला निघालाय. परगावी दिलेल्या लेकीचा फोन आला. सासरचे जेवताना हसतात म्हणाली आणि रडली. शेजारणी वहिनीकडे कीव करायला येत आणि जाताना घरात काय काय उरलंय ते नजरेने टिपून नेत.

प्रार्थनाघरातही त्याच्यासाठी कोणी सतरंजी अंथरून बसलं नव्हतं. मंडळीतली निम्मी माणसं भट्टीवरचीच. तो शेवटच्या बाकावर बसे आणि त्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे. पाळक म्हातारा, सरळ माणूस. त्याने वर्षभर थांबायला सांगितलं होतं. दादा थांबला, पण लांब्याकडचं रोजचं वाचन त्याने सोडलं नाही.

मोटार घेऊन वहिनी एकदा भट्टीवरून गेली तेव्हा तिने काच खाली केली. दादा उन्हात चाळत होता. फडकं तोंडाला बांधलेलं, भुवया पांढऱ्या, हाताची बोटं चुन्याने चिरलेली, चिरांमध्ये रक्त सुकून काळं झालेलं. चाळण हलवायची त्याची पद्धत चुकत होती. सगळा जोर तो मनगटातून लावत होता, कमरेतून नाही. तिला ते लगेच कळलं. उतरून सांगावंसं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याचा राग आला. काच वर करून ती गेली.

बाप्तिस्म्याच्या आदल्या आठवड्यात धाकटा कागद घेऊन आला. ओळखीच्या डॉक्टरचा दाखला तयार होता. दादाचं डोकं ठिकाणावर नाही, वर्षभरापासून नाही, असं त्यात होतं. खाली बायकोची सही लागत होती. सही झाली की वाटणीचा कागद रद्द. भट्टी परत घरात.

"वहिनी, तुमचंच भलं आहे यात," तो म्हणाला. "त्यालाही घरी आणू. डॉक्टर बघतील. खायला-प्यायला मिळेल. असा उन्हात मरायचा नाही."

कागद तिने ठेवून घेतला. विचार करून सांगते म्हणाली. खरं तर विचार करण्यासारखं तिला फारसं दिसत नव्हतं. सही करायची हे तिने जवळजवळ ठरवलं होतं. फक्त रविवारी एकदा जाऊन डोळ्यांनी पाहावं, माणूस खरंच कामातून गेलाय का, म्हणजे नंतर मन खाणार नाही.

रविवारी ती आणि धाकटा प्रार्थनाघरात मागे उभे राहिले. बसायला कोणी सांगितलं नाही. पांढऱ्या भिंती, चार खिडक्या, पुढे लाकडी टेबल आणि पाण्याचं मोठं पातेलं. भिंतींवरचा चुना त्यांच्याच भट्टीचा, वहिनीला पोत ओळखू आला. लांब्या पहिल्या बाकावर, बायकोचा हात धरून बसलेला. पट्टी निघाली होती. डोळ्यांच्या जागी पांढरट डाग होते.

पाळकाने प्रार्थना केली. मग दादाला पुढे बोलावलं आणि मंडळीला विचारलं, या माणसाला आपल्यात घ्यायला कोणाची हरकत आहे का. विचारायची रीत म्हणून विचारलं.

लांब्या उठला. "माझी आहे," तो म्हणाला.

पाळकाने त्याला विचारलं की काय हरकत आहे.

"वर्षभर हा माणूस माझ्या घरी येतो. वाचतो. माझं पाणी भरतो. भट्टी वाटली, घर सोडलं, सगळ्यांनी पाहिलं. पण ठाण्यातल्या कागदावर अजून लिहिलेलं आहे की कठडा मी काढला. माझे डोळे मी घालवले. ते एवढंच याने अजून स्वतःजवळ ठेवलंय."

दादा उभा होता तसाच उभा राहिला. वहिनीला त्याची पाठ दिसत होती, सदरा खांद्याशी उसवलेला. तिला वाटलं, आता हा म्हणेल की बघू, बोलू, नंतर. आयुष्यभर अडचणीच्या वेळी तो असंच म्हणत आला होता. शेजारी धाकट्याचा श्वास जोरात चालला होता. खोटा जबाब म्हणजे काय होतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्या जबाबात पहिला तो बोलला होता.

दादा मंडळीकडे वळला. मग तो म्हणाला, "कठडा मी काढायला लावला. माल लवकर निघावा म्हणून. लांब्या नको म्हणाला होता. ठाण्यात मी खोटं बोललो आणि चौघांना खोटं बोलायला लावलं. सगळं देऊन टाकलं की हे बोलावं लागणार नाही, असं मला वाटत होतं."

मग तो लांब्यापुढे गेला आणि म्हणाला की मला माफ कर.

लांब्याने आवाजाच्या दिशेने तोंड केलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाळक हातात हात धरून उभा.

"माफ अजून झालेलं नाही माझ्याच्याने," लांब्या म्हणाला. "रोज मागतो देवाकडे, अजून मिळालेलं नाही. पण हरकत नाही आता. घाला पाणी."

पाळकाने पाणी घातलं. गाणं सुरू झालं, तेही दोघा-तिघांचंच. धाकट्याने वहिनीचा हात धरून तिला बाहेर आणलं. हा उद्या ठाण्यात जाऊन हेच सांगणार, तो म्हणाला. स्वतः आत जाईल, मला घेऊन जाईल, आणि भट्टीवर जप्ती येईल ते वेगळंच. आजच सही करा. वेड्याच्या बोलण्याला ठाण्यात किंमत नसते. एका सहीत सगळं सुटतं, तोही सुटतो.

ते खरंच होतं. वहिनीने ते बरोबर ओळखलं. त्या सहीने नवरा तुरुंगातून वाचत होता, भट्टी परत येत होती, लेकीला सासरी मान वर करता येत होती. ती म्हणाली, उद्या ठाण्यातच भेटू.

सोमवारी सकाळी दादा ठाण्याकडे चालत निघाला. मोटार घेऊन वहिनी मागून आली आणि त्याच्याजवळ थांबवली. बसा म्हणाली. तो मागे बसायला लागला तर म्हणाली, मी काय ड्रायव्हर आहे का, पुढे बसा. त्याच्या कपड्यांमधून चुन्याचा उग्र वास येत होता. तिने काच खाली केली. मध्येच तो म्हणाला, "तुझंही मी चुकवलं. विचारायला हवं होतं."

"ते आज नको," वहिनी म्हणाली. "आज तुमचं एकच काम करायचं आहे. माझं नंतर."

ठाण्याच्या फाटकाबाहेर धाकट्याची गाडी उभी होती. तो वकिलाला घेऊन आला होता. वहिनी त्याच्याकडे न बघता आत गेली.

अंमलदार तोच होता. दादा सांगत गेला, तो लिहीत गेला. अर्ध्यावर आल्यावर त्याने पेन ठेवलं. खुर्चीत मागे रेलला. आपणहून अडकायला येणारा माणूस त्याने नोकरीत पाहिला नसावा. दारातून धाकटा आणि वकील आत आले. वकील म्हणाला, साहेब, लिहिण्याआधी एक विचारून घ्या, यांची प्रकृती बरी नसते, दाखला आहे आमच्याकडे, घरच्यांची सही तेवढी राहिली आहे.

अंमलदाराने वहिनीकडे पाहिलं. चहाचा ट्रे घेऊन आलेली बाई त्याला आठवली असावी.

"तुम्ही यांच्या कोण?"

"बायको."

"हे वकील म्हणतात ते खरं? यांचं डोकं ठिकाणावर नाही?"

वहिनीने पिशवीतून कागद काढला. धाकट्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. तिने कागद टेबलावर ठेवला, कोरी जागा वर करून. दादा टेबलाच्या कडेकडे बघत बसला होता. त्याने तिला काही खुणावलं नाही, काही मागितलं नाही. चिरलेली बोटं मांडीवर तशीच पसरलेली.

"वेडा असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मला संसार परत मिळाला असता. पण पंचवीस वर्षं मी या माणसाबरोबर काढली आहेत. कधी खोटं बोलतो ते मला कळतं. त्या दिवशी आमच्या घरी बोलला ते खोटं होतं, आणि मी तिथे कप मांडत होते. आज बोलतोय ते खरं आहे."

अंमलदाराने पेन पुन्हा उचललं.

"डोकं ठिकाणावर आहे त्यांचं," वहिनी म्हणाली. "लिहा. आणि खाली माझाही जबाब लिहा."